ज्युरीच्या कानात काय सांगितलं?

मित्रांनो, ज्या नावानं आपण गर्जना केली त्या नावाची एक गोष्ट आपल्याला कुणी नीट सांगितलेलीच नाही. पँथर हे नाव ऑकलंडचं. कॅलिफोर्नियातलं. १९६६ साली ह्युई न्यूटन आणि बॉबी सील या दोन काळ्या पोरांनी तिथं ब्लॅक पँथर पार्टी काढली. ह्युईचा तो फोटो आपल्याला पाठ आहे. वेताची मोठी खुर्ची, काळं जाकीट, एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात भाला. भिंतीवर लावायला झकास. पण हाच ह्युई मरणाच्या दारात कसा गेला आणि परत कसा आला, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

तर ऐका. ऑक्टोबर १९६७. पहाटेची वेळ. पोलिसांनी ह्युईची गाडी अडवली. गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोरा पोलीस मेला, दुसरा जखमी झाला, ह्युईच्या पोटात गोळी गेली. त्याच्यावर खुनाचा खटला. शिक्षा काय होऊ शकत होती? सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातली विषारी वायूची कोठडी. १९६८ च्या उन्हाळ्यात खटला उभा राहिला. बाहेर हजारो लोक ह्युईला सोडा म्हणून ओरडत होते. आत बारा जणांची ज्युरी. बारांत काळा एकच, आणि तोच फोरमन. ज्युरीनं खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर आणला. दोन ते पंधरा वर्षं तुरुंग. जीव वाचला.

मे १९७० मध्ये अपील कोर्टानं ही शिक्षाही उडवून लावली. का? नवा साक्षीदार सापडला? पोलीस खोटं बोलले असं सिद्ध झालं? छे. कारण एवढंच की पोटात गोळी लागलेल्या माणसाची शुद्ध हरपू शकते आणि शुद्धीत नसलेल्या माणसाची कृती कायद्यानं गुन्हा ठरत नाही, ही गोष्ट जज्जानं ज्युरीला समजावून द्यायला पाहिजे होती. दिली नाही. पुढं आणखी दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत होईना. डिसेंबर १९७१ मध्ये सरकारनं नाद सोडला.

बाहेरच्या घोषणा हव्याच होत्या. त्यांनी वकील उभे राहिले, पैसा उभा राहिला, जगाचे डोळे त्या कोर्टाकडं वळले. पण कोर्टाच्या आत ह्युईची बेडी तोडली ती जज्जानं न उच्चारलेल्या एका सूचनेनं. म्हणून मी म्हणतो, हे कायद्याचं किचकट व्याकरण वकिलांवर सोडून आपण नाक्यावर चहा पीत बसलो तर आपण मूर्ख ठरू. या व्याकरणात माणसं मरतात. त्यातही कोण मरतं आणि कुणाला मारलं म्हणून मरतं, हे आधीच ठरल्यासारखं असतं. कसं ते बघू.

अमेरिकेत खुनाच्या खटल्यात मरणाची शिक्षा मागितली की काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्यांदा ज्युरी ठरवते, गुन्हा केला की नाही. केला असं ठरलं तर तीच ज्युरी पुन्हा बसते आणि शिक्षेचं बघते. मारायचं की जन्मभर आत ठेवायचं. या दोन्ही वेळा जज्ज त्यांना कायदा वाचून दाखवतो. काय सिद्ध झालं पाहिजे, कशाचा विचार करायचा, कशाचा नाही. ज्युरी म्हणजे कोण? बस ड्रायव्हर, दुकानदार, मास्तरीण, पेन्शनर. आयुष्यात कायद्याचं पुस्तक न उघडलेली माणसं. त्यांच्या हातात जज्ज पानंच्या पानं सूचना देतो आणि सांगतो, जा, आता एका माणसाचं काय करायचं ते ठरवा.

ही दोन टप्प्यांची पद्धत सर्रास आली १९७२ नंतर. त्याआधी बहुतेक राज्यांत सरळ कारभार होता. ज्युरीला वाटलं मारा, तर मारा. कशावरून वाटलं हे विचारायची सोय नाही. जून १९७२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढं फर्मन खटल्याचा निकाल लागला. पाच विरुद्ध चार. खटल्यातले तिन्ही आरोपी काळे. नऊ जज्जांनी नऊ वेगवेगळी निकालपत्रं लिहिली. त्यातला एक म्हणाला, ही शिक्षा अंगावर वीज पडावी तशी पडते, कुणावर पडेल त्याला काही धरबंध नाही. वा रे वीज! वर्षानुवर्षं ती एकाच वस्तीवर पडते आणि तुम्हाला ती आंधळी वाटते. पण निकालाचा उपयोग झाला. देहदंड झालेल्या सहाशेवर कैद्यांची शिक्षा एका फटक्यात रद्द झाली. ज्या वर्षी मुंबईत दलित पँथर जन्माला आली, त्याच वर्षातली ही गोष्ट.

मग काय झालं? व्यवस्था शहाणी असते. पस्तीस राज्यांनी नवे कायदे केले. म्हणाले, ज्युरीच्या मनमानीबद्दल तक्रार आहे ना? घ्या, आम्ही तिला नियम घालून देतो. गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणाऱ्या बाबींची यादी केली. पैशासाठी खून, पोलिसाचा खून, दरोड्यात खून वगैरे. यातली एक तरी बाब शंभर टक्के सिद्ध झाली पाहिजे. मग दुसऱ्या पारड्यात दयेच्या बाबी टाकायच्या. आरोपीचं वय, बालपणी खाल्लेला मार, गरिबी, आजार. दोन्ही पारडी बघून ज्युरीनं ठरवायचं. जुलै १९७६ मध्ये ग्रेग खटल्यात सुप्रीम कोर्टानं याला मान्यता दिली. त्याच दिवशी दुसऱ्या एका निकालात सांगितलं, अमुक गुन्ह्याला मरणच, असा सक्तीचा कायदा चालणार नाही, माणूस बघितला पाहिजे. कागदावर सगळं झकपक. तराजू आला, यादी आली, टप्पे आले.

आता या झकपक कागदाखाली हात घाला.

पहिली गोष्ट, त्या बारा खुर्च्यांवर कोण बसतं? मरणाची शिक्षा आपल्याच्यानं देववणार नाही असं जो ठाम सांगतो, त्याला अशा ज्युरीत बसताच येत नाही. १९६८ च्या विदरस्पून निकालानं सरसकट हाकलणं बंद केलं, पण ठाम विरोधकाला दार बंदच ठेवलं. देहदंडाला विरोध काळ्यांत जास्त, बायकांत जास्त. म्हणजे चाळणी लावल्यावर उरतं कोण ते सांगायला नको. अशी चाळलेली ज्युरी आरोपीला दोषी ठरवायला जास्त उतावीळ असते, असे अभ्यास १९८६ साली सुप्रीम कोर्टापुढं ठेवले. कोर्ट म्हणालं, हे अभ्यास खरे धरले तरी घटनेला त्यात काही वावगं दिसत नाही. घटना डोळे मिटून बसली असेल तर दिसणार कसं?

शिवाय दोन्ही वकिलांना काही माणसं कारण न देता बाजूला काढायचा हक्क. सरकारी वकील त्यात काळ्यांना वेचून काढायचे. १९८६ च्याच बॅटसन निकालानं हे बेकायदा ठरवलं. कातडीच्या रंगावरून काढायचं नाही, दुसरं कारण द्या. मग काय, कारणं मुबलक. हा नजर चुकवतो, हिचा नवरा असा, याचा पोरगा आरोपीच्या वयाचा. जॉर्जियातल्या फॉस्टर खटल्यात सरकारी वकिलांचे कागद वर्षानुवर्षांनी बाहेर आले. यादीत प्रत्येक काळ्या माणसाच्या नावावर हिरवा रंग फासलेला आणि शेजारी इंग्रजी 'बी' अक्षर. काळ्यासाठी. गोऱ्यांच्या ज्युरीनं १९८७ साली त्याला मरण दिलं होतं. सुप्रीम कोर्टाला ते चुकीचं वाटायला २०१६ साल उजाडलं.

मिसिसिपीतल्या कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालवला. सहाही वेळा सरकारी वकील एकच. सहा खटले मिळून त्याला ज्या ४२ काळ्यांना काढता आलं असतं, त्यातल्या ४१ जणांना त्यानं काढलं. हे आकडे माझे नव्हेत, २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहेत. २०२० साली खटलाच मागं घेतला. तोवर त्या माणसाची वीसेक वर्षं तुरुंगात कुजली होती.

दुसरी गोष्ट, बसलेल्यांना काय सांगतात? साउथ कॅरोलिनातला सिमन्स खटला घ्या. सरकारी वकील ओरडून सांगतोय, हा माणूस पुढंही धोकादायक आहे. जन्मठेप झाली तर या आरोपीला पॅरोलवर सुटायची सोयच नाही, असा कायदा. पण हे ज्युरीला सांगायला जज्ज तयार नाही. ज्युरीनं चिठ्ठी पाठवून विचारलं, जन्मठेप दिली तर हा सुटून येईल का? जज्जाचं उत्तर, त्याचा विचार करू नका, शब्दाचा साधा अर्थ घ्या. पंचवीस मिनिटांत ज्युरी परत आली. मरण. १९९४ साली सुप्रीम कोर्टानं हा निकाल फिरवला. बघा, खोटं कुणीच बोललं नाही. फक्त खरं सांगितलं नाही.

व्हर्जिनियातला वीक्स खटला याहून भयंकर. ज्युरीनं जज्जाला चिठ्ठी पाठवली. गांभीर्य वाढवणारी एक बाब सिद्ध झाली असं आम्हाला वाटलं तर मरण देणं आमचं कर्तव्यच आहे, की जन्मठेप द्यायची की नाही हे आम्ही ठरवायचं? कायद्याचं उत्तर साधं होतं. कर्तव्य नाही, तुम्ही जन्मठेप देऊ शकता. जज्जानं हे एक वाक्य उच्चारलं नाही. सूचनांतला तोच परिच्छेद पुन्हा वाचा म्हणाला. जो कळला नाही म्हणून विचारलं, तोच! दोन तासांनी ज्युरी बाहेर आली. मरण दिलं, आणि बहुतेकांच्या डोळ्यांत पाणी. आपल्याला दुसरा रस्ताच नाही असं वाटून कुणी रडलं असेल, तर त्या रडण्याचा हिशेब कोण देणार? जानेवारी २००० मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चारनं सांगितलं, सूचना बरोबर होती, ज्युरीला ती कळली असं आम्ही धरून चालतो. मार्चमध्ये त्या माणसाला मारलं.

हे एकट्यादुकट्या ज्युरीचं नाही. चौदा राज्यांत अशा खटल्यांत बसलेल्या हजारावर माणसांच्या पुढं मुलाखती घेतल्या. जवळपास निम्म्यांनी शिक्षेचा टप्पा सुरू व्हायच्या आधीच मनात शिक्षा ठरवून टाकलेली. दयेची बाजू ऐकायच्या आधी. पारडी आली कुठं आणि तराजू आला कुठं?

आणि टेक्सास. तिथं ज्युरीला ठरलेले प्रश्न विचारतात. त्यातला एक, हा माणूस पुढंही हिंसा करून समाजाला धोका होईल का? भविष्य सांगायचं, पंचांगवाल्यासारखं. ड्युएन बकच्या खटल्यात एका मानसशास्त्रज्ञानं सांगितलं की काळा असण्यानं हा धोका वाढतो. आणि या साक्षीदाराला बोलावलं कुणी? खुद्द बकच्या वकिलानं! सरकारनं दिलेला वकील. १९९७ मधला हा खटला. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये ती शिक्षा टिकू दिली नाही. म्हणजे प्रश्नपत्रिकेत रंगाचा शब्द नाही. उत्तरात मात्र रंग येऊन बसतो.

तिसरी गोष्ट, किती मतांनी मारायचं? बहुतेक राज्यांत बाराचे बारा लागतात. अलाबामात दहा पुरतात. तिथं ज्युरीनं जन्मठेप सुचवली तरी जज्ज मरण देऊ शकत असे. २०१७ पर्यंत हे चाललं. फ्लोरिडानं २०२३ साली कायदा केला, आठ पुरे. गोऱ्यांच्या गर्दीत दोन काळे किंवा चार काळे कसेबसे पोचले, तरी त्यांना हिशेबात न धरता माणूस मारता येईल अशी ही गणितं. दार उघडं ठेवायचं आणि आत आलेल्याचं मत मोजायचं नाही, हा डाव आपल्याला नवा वाटतो का?

आता सगळ्यांत मोठा हिशेब. जॉर्जियात वॉरन मॅक्लेस्की नावाचा काळा माणूस. दरोड्यात गोऱ्या पोलिसाचा खून केल्याबद्दल देहदंड. त्याच्या वकिलांनी प्राध्यापक बाल्डस यांचा अभ्यास कोर्टापुढं ठेवला. १९७० च्या दशकातले जॉर्जियातले दोन हजारांवर खटले तपासलेले. निष्कर्ष असा की बाकी सगळ्या बाबी जमेस धरूनही, गोऱ्याला मारणाऱ्याला देहदंड होण्याची शक्यता काळ्याला मारणाऱ्याच्या ४.३ पट. लक्षात घ्या, हे सगळे खटले नियम आल्यानंतरच्या काळातलेही आहेत. यादी, टप्पे, तराजू, सगळं असताना काळ्या मुडद्याची किंमत गोऱ्या मुडद्याच्या पाव.

एप्रिल १९८७. पाच विरुद्ध चार. कोर्ट म्हणालं, अभ्यास खरा धरू. पण या ज्युरीनं या माणसाशी जाणूनबुजून भेदभाव केला हे दाखवा. आणि हे आकडे मानले तर उद्या सगळी फौजदारी व्यवस्थाच प्रश्नाखाली येईल. विरोधी निकाल लिहिणाऱ्या जज्ज ब्रेनन यांनी वर्मावर बोट ठेवलं. तुम्हाला न्याय जरा जास्तच होईल याची भीती वाटते आहे, असा त्यांचा टोला. बहुमताचा निकाल लिहिणारे जज्ज पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले, एखादं मत बदलता आलं तर हे बदलीन. बदलता येत नाही, साहेब. सप्टेंबर १९९१ मध्ये मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीत बसवलं.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. नियम लिहिले की मनमानी संपत नाही, ती कुठं लपली ते दिसेनासं होतं. आधी ती ज्युरीच्या तोंडात उघडी दिसत होती. आता ती ज्युरी निवडण्यात, चिठ्ठीला दिलेल्या उत्तरात, मतांच्या आकड्यात वाटून ठेवली आहे. आणि प्रत्येक जण म्हणतो, मी तर नियमानं वागलो.

पण तिथल्या लोकांनी हात टेकले नाहीत. ते मोजत राहिले. नॉर्थ कॅरोलिनात २००९ साली कायदा झाला, की आकड्यांवरून वर्णभेद दाखवता आला तर देहदंड रद्द. २०१३ साली राजकारण्यांनी तो मोडला. कॅलिफोर्नियानं २०२० साली तसा कायदा केला. वॉशिंग्टन राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तर २०१८ साली आकडे बघूनच आपल्या राज्यातला देहदंड मोडीत काढला. पॉवेलला जे पटलं नाही ते तिथं एका राज्यानं मान्य केलं. मोजणी ही पण लढाई आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं पुराण आम्हाला कशाला? आपल्याकडं ज्युरी नाही. बरोबर. नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एकनं सुटका दिली, जज्जाला ते पटलं नाही, हायकोर्टानं निकाल फिरवला, आणि आधीच आजारी असलेली ज्युरी पुढं कायद्यातून गेली. इथं सगळं एका खुर्चीत. तोच जज्ज ऐकतो, तोच ठरवतो. फर्मनचा निकाल ऑक्टोबर १९७२ मध्ये दिल्लीत आपल्या सुप्रीम कोर्टापुढं ठेवला होता. कोर्ट म्हणालं, तिकडची परिस्थिती वेगळी, आमच्या जज्जांच्या विवेकावर विश्वास ठेवा. १९८० साली बच्चनसिंग निकालानं 'दुर्मिळातील दुर्मिळ' हा शब्द दिला. कागदावर हाही झकपक.

मोजलं काय निघालं? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. देशातले तीन चतुर्थांश कैदी मागास जाती-जमाती आणि धार्मिक अल्पसंख्याकांतले. महाराष्ट्रात निम्मे अनुसूचित जाती-जमातींचे. याच महाराष्ट्रात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सांगितली होती. त्यातल्या तिघांची जन्मठेप सुप्रीम कोर्टानंच २००९ साली वाढवून फाशी केलेली. २०१९ साली त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षांनी. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई. दुर्मिळातील दुर्मिळ, साला!

आणि दुसरी बाजूही बघा, मॅक्लेस्कीची बाजू. २००६ साली खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठेचून मारलं. मीही त्या मोर्चात होतो. फाशी द्या, फाशी द्या, घसा बसेपर्यंत ओरडलो. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली. आम्ही पेढे वाटले. निकाल नीट वाचला नाही. जातीचा कायदा, अॅट्रॉसिटीचा कायदा त्यांना लागलाच नव्हता. हत्या झाली, पण जातीमुळं नाही, असं कोर्टाचं म्हणणं. २०१० साली हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षं केली. आम्ही दोर मागत राहिलो आणि 'जात' हा शब्द त्यांनी कागदावरून पुसून टाकला. ऑकलंडमध्ये न उच्चारलेल्या एका वाक्यानं ह्युई सुटला होता. भंडाऱ्यात न लिहिलेल्या एका शब्दानं आपले मुडदे बिनजातीचे झाले.

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत सांगून ठेवलं होतं, की फाशीची शिक्षाच रद्द करावी हे बरं. आपण त्यांचा फोटो घेऊन मोर्चात जातो आणि त्याच फोटोखाली उभं राहून फाशी मागतो. जो दोर आपल्याच वस्तीच्या मापानं वळलेला आहे, तो कधीतरी शेठजीच्या गळ्यात बसेल या आशेवर. बसत नाही. तिथं बसत नाही, इथं बसत नाही.

मित्रांनो, राग सोडा असं मी म्हणत नाही. राग आपली पुंजी आहे. पण पुढच्या वेळी कोर्टाबाहेर उभं राहाल तेव्हा दोर मागण्याआधी आरोपपत्र मागा. कुठलं कलम लावलं ते वाचा. सरकारी वकील कोण ते विचारा. आरोपी आपला असेल तर त्याची दयेची बाजू कुणी मांडली की नाही ते विचारा. मेलेला आपला असेल तर निकालात त्याची जात लिहिली की नाही ते बघा. गावागावातून, कोर्टाकोर्टातून वहीत उतरवा आणि मोजा. बाल्डसनं मोजलं तसं.

ती वही ज्या दिवशी आपल्या हातात असेल, त्या दिवशी जज्जाला विचारता येईल, साहेब, कानात काय सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं?